पाचर

आवाज पहिल्यांदा ऐकला तो माझ्या जव्हारच्या दवाखान्यासमोर, एका सोमवारी सकाळी. गाडी सुरू केली, न्यूट्रलवर ठेवली आणि पर्स मागच्या सीटवर टाकायला वळले, तेवढ्यात पुढून कडकड, कडकड असं काहीतरी वाजायला लागलं. स्टीलच्या डब्यात सुपाऱ्या घालून कुणी हलवत बसावं तसं. अॅक्सिलरेटर दाबला की बंद. पाय उचलला की पुन्हा सुरू. मला आधी इंजिनाची नाही, ड्रायव्हरची आठवण झाली. ‘केलं शेवटी याने,’ मी स्वतःशी म्हणाले.

मी दातांची डॉक्टर. जव्हारात बावीस वर्षं दवाखाना आहे, आणि मंगळवारी, शुक्रवारी मोखाड्याला जाते. लोकांच्या तोंडात वाकून वाकून माझा मणका कामातून गेला. गावात गाडी चालवता येते, पण मोखाड्याच्या रस्त्यावरची वळणं आणि खड्डे सहन होत नाहीत. म्हणून मोठी गाडी घेतली आणि ड्रायव्हर ठेवला. हा दुसरा. पहिला डिझेल काढून विकायचा, ते मी स्वतः पकडलं होतं. त्यामुळे दुसरा आला तोच मुळी माझ्या पहाऱ्याखाली.

हा दुसरा पोशेऱ्याचा. पस्तिशीचा, काटक, कमी बोलणारा. घरची थोडी भातशेती, थोडी नागली. त्यावर वर्ष निघत नाही म्हणून दरवर्षी दिवाळी झाली की नवरा-बायको दोन्ही मुलींना घेऊन वसईकडे बांधकामावर जायची. माझ्याकडे काम लागलं आणि ते जाणं थांबलं. पहिल्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने मला सांगितलं होतं, “बाई, या साली पोरी पूर्ण साल शाळेत बसल्या.” एवढंच बोलला आणि गाडी पुसायला लागला. मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. पण पुढच्याच मिनिटाला मनात आलं, हा हे मला का सांगतोय? पगार वाढवून हवाय की काय?

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि धंदाही. माणूस गालावर हात धरून येतो, वरची दाढ दुखते म्हणतो आणि किडलेली असते खालची. दोन वेळा दात घासतो म्हणणाऱ्याच्या हिरड्या वेगळंच सांगतात. बावीस वर्षं हेच बघितल्यावर समोरच्याचं बोलणं हे फक्त बोलणं असतं, खरं काय ते आत आरसा घालून बघायचं असतं, असं माझं मत झालेलं. तर या माणसाच्या तोंडात आरसा घालता येत नव्हता, म्हणून मी त्याच्या सवयी बघायची. तो कामं न सांगता करायचा, आणि तेच मला खुपायचं. काचेवरचा चिखल न सांगता पुसायचा. टायरात दगड अडकला की घाटात गाडी बाजूला घेऊन न सांगता उतरायचा, काठीने दगड काढायचा. मी मागे बसून घड्याळ बघायची, आता हा कुठे गेला?

भाद्रपदात एकदा मोखाड्याच्या एसटी स्टँडजवळ तो फोनवर बोलत उभा होता. पाठ माझ्याकडे. अर्धं त्यांच्या घरच्या बोलीत, अर्धं मराठीत. मी चहा प्यायला बाहेर आले होते. नको असताना, म्हणजे हवं असतानाच, कान टवकारले.

“बाईचे गाडीला पाचर मारलीय मी,” तो हसत म्हणाला. “कोणाला समजायचा पण नाय.”

चहा तसाच राहिला. आमच्या घरात पाचर मारणं म्हणजे एखाद्याचं जुळत आलेलं काम मोडणं. माझं लग्न ठरत आलं असताना काकूने पाचर मारली, असं आई शेवटपर्यंत म्हणायची. त्यामुळे तो शब्द माझ्या कानात नुसता शिरत नाही, रुततो. माझ्या गाडीला पाचर मारली. कोणाला समजणार नाही. आणि वर हसतोय. मी त्याला तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण विचारलं की माणूस सावध होतो. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी डिझेलच्या काट्याचा फोटो काढायला लागले. गाडीत काही कमी होतंय का, जास्त होतंय का, बघायला लागले. काहीच सापडलं नाही, आणि काही सापडत नाही म्हणजे काम सफाईदार आहे, असं मी धरून चालले.

भात कापणीला त्याने चार दिवसांची सुट्टी मागितली. तो गेला त्या रविवारी मी बॉनेट उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा. इंजिनातलं मला काही कळत नाही, पण तोंडात काय असायला हवं आणि काय नको हे बघायची सवय आहे. पाच मिनिटांत दिसलं. इंजिनाच्या मागच्या बाजूला, एक चंदेरी नळी आणि पत्रा यांच्या फटीत, लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी बोटभर लांबीचं लाकूड. वरून सुतळी, आणि सुतळीला तीन गाठी.

खरं सांगते, मी हात मागे घेतला. मी असल्या गोष्टी मानत नाही. दवाखान्यात भिंतीवर माझी डिग्री आहे. पण लाल कापड, लाकूड, तीन गाठी, आणि ते लपवून ठेवणारा माणूस डोंगरातल्या पाड्यावरचा. जो शब्द मी कधी तोंडातून काढला नसता तो मनात केव्हाच येऊन बसला होता. करणी. मग शिकलेलं मन पुढे आलं आणि म्हणालं, छे, करणी कसली, ही पाचर, म्हणजे गाडी बिघडवायची युक्ती. दोन्ही विचार एकमेकांच्या शेजारी बसले आणि दोघांनी मिळून मला पटवलं.

बोटांनी ते हलेना. मी दवाखान्यात गेले, दाढ काढायचा चिमटा आणला. पकडलं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आणि एका झटक्यात बाहेर. मनात म्हटलं, बघ, मुळासकट काढलं. उघडून बघायची इच्छा झाली नाही. रक्ताचे बोळे टाकतो त्या पिवळ्या पिशवीत टाकलं, तोंड बांधलं आणि हात दोनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडकड सुरू झाली.

आता कुणालाही कळेल की काल काही काढलं आणि आज आवाज आला, तर दोन्हींचा संबंध असणार. मलाही संबंध दिसला, पण उलटा. त्याने काहीतरी करून ठेवलं होतं, ते मला उशिरा सापडलं, तोवर इंजिनाचं व्हायचं ते वाटोळं झालं, अशी माझी संगती. माझ्या हातून काही झालं असेल, हे मनात डोकावलंसुद्धा नाही.

संध्याकाळी त्याला फोन लावला. तो शेतावरच होता, मागे माणसांचे आवाज येत होते. मी म्हटलं, “गाडीतून आवाज येतोय.”

मागचे आवाज कमी झाले, तो बाजूला गेला असावा. मग म्हणाला, “बाई, उभ्या गाडीत येतो ना? चालती झाली का बंद होतो?”

बस. मी त्याला यातलं काहीही सांगितलं नव्हतं. आवाज कधी येतो आणि कधी थांबतो हे पोशेऱ्याच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला कसं ठाऊक? हा कबुलीजबाबच झाला. मी म्हणाले, “तुला बरं माहीत आहे. आता कामावर येऊच नकोस. मला सगळं समजलंय.” तो “बाई, ऐका, ती” एवढंच म्हणाला आणि मी फोन ठेवला. नंतर त्याचे सात फोन आले. मी घेतले नाहीत.

मोखाड्याचे दोन वार बुडवून गाडी नाशिकला नेली. स्वतः चालवत. तोरंगणच्या घाटात पाठीतून कळा निघत होत्या आणि प्रत्येक कळेला मी त्याला शिव्या देत होते. तिथल्या एका मोठ्या गॅरेजात एका तरुण माणसाने बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं की इंजिनातली टायमिंगची चेन सैल झालीय, इंजिन उघडावं लागेल, गाडी आठ दिवस ठेवून जा. उशीर केला तर इंजिन बसेल म्हणाला.

आता इथे माझा स्वभाव उपयोगी पडला, तो आयुष्यात पहिल्यांदाच असावा. मला तो माणूसही खरा वाटेना. एवढ्या लवकर निदान? कुठे हात लावला नाही, काही ठोकून पाहिलं नाही. माझ्याकडे शहरातून रूट कॅनल सांगितलेली माणसं येतात आणि निघते नुसती अडकलेली सुपारी. मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि गाडी तशीच परत आणली. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर ती कडकडायची आणि मी घाबरून अॅक्सिलरेटर दाबायची.

जव्हारात बाजाराच्या मागे एक म्हातारा मिस्त्री आहे. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, समोर दोन जुन्या जिपा कायमच्या उघड्या पडलेल्या. दाभोशाच्या, वांगणीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या सगळ्या जिपा मोडल्या की त्याच्याकडेच येतात. मी त्याच्याकडे कधी गेले नव्हते, कारण माझा ड्रायव्हर त्याला ओळखायचा आणि दोघे मिळून मला गुंडाळतील अशी मला खात्री होती. गेले तेव्हाही दार लावून गाडीतच बसून राहिले, त्याचे हात दिसतील असं.

“म्याडम, खाली उतरा,” तो म्हणाला. “तुमच्या वजनाने पण आवाज बदलतो.” मला राग आला, पण उतरले.

त्याने घाई केली नाही. गाडी न्यूट्रलवर चालू ठेवली आणि आधी नुसता ऐकत उभा राहिला. एसी लावला, बंद केला. हाताखालच्या पोराला क्लच दाबून धरायला सांगितला, सोडायला सांगितला. मग लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इथे टेकव, तिथे टेकव, डोळे मिटलेले. मी माझ्या पेशंटच्या दातांवर आरशाच्या दांड्याने टकटक करते तेव्हा माझाही चेहरा असाच होत असणार.

“चेन चांगली हाय,” तो म्हणाला. “इंजिनात कायच नाय. आवाज बाहेरून येतो, तुम्हाला आतून वाटतो.”

मी म्हटलं, “नाशिकला तर…”

“नाशिकवाल्यांनी कान लावला का?”

मग तो एकेक नळी हाताने दाबून बघायला लागला. दाबायचा, थांबायचा, सोडायचा. इंजिनाच्या मागे हात घालून त्याने ती चंदेरी नळी धरली आणि आवाज थांबला. एकदम. सोडली, कडकड. धरली, शांत. त्याने मला बोलावलं. “ही एसीची नळी. हिला धरणारी पट्टी तुटलीय. आजची नाय, तुटून दोन-तीन महिने झाले. इंजिन हळू चाललं का जास्त हलतं, मग ही मागच्या पत्र्यावर आपटते. रेस दिली का आपटत नाय. पत्रा वाजतो आणि वाटतं इंजिन गेला.”

“दोन-तीन महिने?” मी विचारलं. “मग आवाज आत्ता का आला?”

त्याने टॉर्च मागितला. फटीत उजेड टाकला. पत्र्यावर बोटाएवढ्या जागेत रंग घासून गुळगुळीत झाला होता आणि कडेच्या ग्रीसला दोन लाल धागे चिकटले होते. त्याने नखाने ते उचलले आणि मला दाखवले.

“इथं पाचर होती,” मिस्त्री म्हणाला. “लाकडाची. कुदळीचा दांडा सैल झाला का मारतात ना, तशी. वरून कपडा, घसरू नये म्हणून. चांगलं काम केलं होतं कोणीतरी. कोणी काढली?”

मी टॉर्च परत मागितला. त्याने वर बघितलं आणि पुन्हा विचारलंही नाही. मला वाटतं त्याला कळलं. ड्रायव्हर त्याच्याकडे जायचा, त्यामुळे कदाचित आधीपासूनच ठाऊक असेल. त्याने नळीला नवी पट्टी बसवली, मधे रबराचा तुकडा घातला, बोल्ट आवळला. गाडी सुरू केली. नुसती घरघर, तीही ऐकायला गेलं तर ऐकू येणारी. अर्धा तास लागला सगळ्याला.

बाईच्या गाडीला पाचर मारलीय मी, कोणाला समजायचं पण नाही. शब्दाचा जो मूळ अर्थ, त्याच अर्थाने तो बोलला होता. आवाज येऊन मला त्रास होण्याआधी तो थांबवला, आणि गंमत म्हणून कुणाला तरी सांगितलं. रोज माझ्याकडे माणसं किडलेल्या दाढेत लवंगेचा बोळा कोंबून येतात. मी तो काढते, नाक मुरडते, आणि काढला की ती कळवळतात. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. मला लाज वाटली, आणि मी ती कुणाला दिसू नये म्हणून गाडीत बसून काचा वर केल्या.

त्याच दुपारी पोशेऱ्याला गेले. आधी फोन लावला, तो बंद. पाड्यावर गाडी शेवटपर्यंत जात नाही, पुढे शेताच्या बांधावरून चालत जावं लागतं. कापणी आटपली होती. त्याच्या अंगणात बोचकी बांधून ठेवलेली होती. पातेली एकात एक घालून गोणपाटात, वर घोंगडी. तो दाराची कडी बघत होता. मला बघून उभा राहिला, पण पुढे आला नाही.

“दिवाळीच्या आधीच?” मी विचारलं. 

“मुकादमाची गाडी उद्या हाय,” तो म्हणाला. “पोरी शाळेत गेल्यात. आज शेवटचा दिवस.”

त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. मी ते हातात धरून उभी राहिले आणि म्हणाले, “आवाजाचं कारण सापडलं. ती पाचर मी काढली होती. तू नव्हतास तेव्हा. मला वाटलं कचरा आहे. माझं चुकलं.”

तो म्हणाला, “मी सांगणार व्हतो. मंग बोललो, बारीकसा काम हाय, बाईना कशाला त्रास. पट्टी मिस्त्रीकडं सांगून ठेवलेली.”

त्याची बायको पुढे आली. तिने माझ्याकडे सरळ बघितलं. “बाई, कचरा असता तर तुम्ही यांना बोलल्या असत्या, गाडीत कचरा का टाकला,” ती म्हणाली. “कामावरून काढला नसता. तो माझे लुगड्याचा काठ व्हता. तुम्हाला करणी वाटली ना?”

तो तिला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला, गप्प बस अशासारखं. ती त्याच्याकडे वळली नाही, माझ्या उत्तराची वाट बघत राहिली. मी पाणी प्यायले. ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तिच्यासमोर ते निघेना. “हो,” मी म्हणाले.

कोंबड्या अंगणात फिरत होत्या. शेवटी तिने माझ्या हातातून तांब्या घेतला आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून भांडी काढून मांडायचा आवाज यायला लागला. त्याने बोचक्याची दोरी सोडली. मी उद्या येशील का असं विचारलंसुद्धा नव्हतं.

तो आला तो माझ्यासाठी नाही, हे मला माहीत आहे. मुलींच्या शाळेसाठी आला. दुसरीकडे काम मिळालं असतं तर आला नसता, आणि त्याने तसं केलं असतं तर मला बोलायला तोंड नव्हतं. मी त्याला सांगितलं की गाडीला तुला योग्य वाटेल ते कर, मला विचारायची गरज नाही. तो बरं म्हणाला.

पण गाडी पुसायला फडकं घेतलं की तो ते आधी झटकून दाखवतो. संध्याकाळी घरी जाताना आपली पिशवी माझ्यासमोर उघडी धरतो, डबा, चार्जर, टॉवेल. मी दोनदा सांगितलं, हे नको करूस. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. बॉनेट उघडायचं असलं की दवाखान्याच्या दाराशी येऊन उभा राहतो, पेशंट खुर्चीत असला तरी थांबतो, आणि मी बाहेर आल्यावरच उघडतो.

मागच्या मंगळवारी मोखाड्याहून परत येताना घाटात टकटक ऐकू आलं. त्याने गाडी बाजूला घेतली, पण उतरला नाही. आरशातून माझ्याकडे बघितलं.

“बाई, टायरात दगड अडकलाय,” तो म्हणाला. “काढू?”

“काढ,” मी म्हणाले.

तो उतरला, काठीने दगड काढला, आणि माझ्या खिडकीपाशी येऊन तळहात पुढे केला. आवळ्याएवढा काळा दगड होता. मी काच खाली करून तो नीट बघितला. मग त्याने तो दरीत टाकला.